घर किती तासांवर?

नकाशावरचं अंतर किलोमीटरमध्ये असतं, तिकिटावरचं तास-मिनिटांत आणि आईच्या फोनवरचं 'कधी येतोस?' या दोन शब्दांत. कोल्हापुरातून नोकरीसाठी बाहेर पडलेल्या आणि पडू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी हवाई अंतराचा आणि खऱ्याखुऱ्या प्रवासाचा हा रोखठोक हिशेब.

एक सोपा प्रश्न. मुंबई ते कोल्हापूर अंतर किती?

ऑफिसात विचारून बघा. वीकेंडला स्वतःची गाडी काढणारा म्हणेल, 'पावणेचारशे-तीनशेऐंशी.' वर्षानुवर्षं महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणारा तिकीट काढून दाखवेल, ५१८ किलोमीटर. आणि नकाशावर पट्टी ठेवून उजळाईवाडीच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ मारलीत तर भरतील जेमतेम ३०९. तिघंही बरोबर! शहरं तीच, गावची माणसं तीच, फरक दोनशे किलोमीटरचा.

हवाई अंतर म्हणजे पक्ष्याने कुठेही न वळता कापलेला रस्ता. गाडीला आधी घाट उतरावे-चढावे लागतात, पुणे-सातारा-कऱ्हाड करत खाली यावं लागतं. रेल्वेचा तर थाटच वेगळा. पुण्यानंतर ती जेजुरी, नीरा, लोणंद असा वळसा घेऊन साताऱ्याच्या बाजूला येते, पुढे सांगली-मिरज गाठते आणि मिरजेहून पश्चिमेला वळून पन्नासएक किलोमीटर चालून कोल्हापुरात शिरते. हा शेवटचा फाटा कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधला आणि १८९१ मध्ये त्यावरून गाडी धावली. म्हणजे मुंबईच्या मानाने आपली रेल्वे अजूनही सव्वाशे वर्षांपूर्वी आखलेल्या वाटेनेच येते.

पण दोस्तांनो, किलोमीटर कुणाला हवेत? शुक्रवारी रात्री बॅग भरताना डोक्यात एकच आकडा असतो: घरी किती वाजता पोहोचणार?

तेवीस मिनिटांचं विमान, पाच तासांचा प्रवास

छोटं जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास उडतं. ३०९ भागिले ८००. तेवीस मिनिटं! मग तिकिटावर तासभर का लिहिलेला असतो?

कारण विमान कंपन्या वेळ मोजतात ती चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंत. त्याला म्हणतात 'ब्लॉक टाइम'. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, चढण आली, उतरण आली आणि मुंबईच्या आकाशात 'जरा थांबा, तुमच्या पुढे चारजण आहेत' म्हणून घातलेल्या घिरट्याही आल्या. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. छोट्या अंतराच्या विमानाला पूर्ण वेग धरायला सवडच मिळत नाही. चढलं न चढलं की उतरायचंच. म्हणून अंतर जितकं कमी, तितका ताशी वेग पडतो कमी. एसटी प्रत्येक फाट्याला थांबल्यासारखं.

हा झाला विमानाचा वेळ. आता तुमचा.

कोल्हापूरची बाजू एकदम सोपी. शहरातून उजळाईवाडी नऊएक किलोमीटर, अर्ध्या तासात तुम्ही दारात. चेक-इन आणि तपासणीसाठी सव्वा-दीड तास आधी. उड्डाण एक तास. मुंबईत उतरून बॅग हातात येईपर्यंत अर्धा तास. आणि मग टॅक्सी. अंधेरीत राहत असाल तर नशीबवान. ठाणे, बेलापूर, बोरिवली म्हणाल तर तास-दीड तास, आणि पाऊस असेल तर देव पावो. बेरीज करा: साडेचार ते पाच तास. त्यातला हवेतला वेळ पाचवा हिस्सा.

गाडीने तेच अंतर सात ते आठ तास. महालक्ष्मीने अकरा. मग महालक्ष्मी अजून कशी भरभरून जाते? त्याचं उत्तर तुमच्या आईबाबांनी कधीच काढून ठेवलंय. रात्री साडेआठच्या सुमाराला मुंबईत बसा, डबा खा, झोपा, सकाळी सातच्या पुढे कोल्हापूर. अकरा तास लागले खरे, पण जागेपणीचे खर्च झाले जेमतेम दोन-तीन. रजा वाचली, हॉटेल वाचलं, दुपारी जेवायला तांबडा-पांढरा मिळाला. रात्रीच्या स्लीपर बसचं गणितही हेच.

म्हणजे प्रवासाचं माप एक नाहीच. एक घड्याळाचे तास, एक जागेपणीचे तास आणि एक खिशाचे. शनिवार-रविवारसाठी जाताना जागेपणीचे तास बघायचे. अचानक जावं लागलं तर मात्र घड्याळच खरं.

हैदराबाद जवळ की पुणे?

आता गंमत बघा. कोल्हापूरच्या विमानतळावरून निरनिराळ्या विमानतळांपर्यंतची सरळ अंतरं साधारण अशी आहेत:

मुंबई – ३०९ किलोमीटर
हैदराबाद – ४४५
बंगळूर – ५३१
तिरुपती – ६५७
नागपूर – ७०१
अहमदाबाद – ७३१
दिल्ली – १३५०

आपल्याच राज्याची उपराजधानी बंगळूरपेक्षा पावणेदोनशे किलोमीटर लांब! आणि अजून एक. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याच्या एका टोकाला निघून दुसऱ्या टोकाला पोहोचते. तिचा मार्ग भरतो साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे रेल्वेने राज्य न सोडता जेवढं अंतर कापायचं, तेवढ्यात पक्षी दिल्लीला पोहोचतो. गाडीला त्यासाठी एक अख्खा दिवस आणि वर काही तास लागतात.

आता हे गणित नोकरीला लावा. समजा हातात दोन ऑफर्स आहेत. एक हिंजवडीत, एक हैदराबादच्या हायटेक सिटीत. घरचे म्हणणार, 'पुणे बरं बाबा, जवळ आहे.' रस्त्याने पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. हिंजवडीतून निघून चांदणी चौक पार करायचा, मग खंबाटकी, मग महामार्गाची कामं, मग कऱ्हाडजवळची गर्दी. शुक्रवारी संध्याकाळी पाच तास धरा, सहाही लागतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पुणे-कोल्हापूर वंदे भारतलासुद्धा पाच तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो, कारण तिलाही त्याच वळशाच्या रुळांवरून ३२६ किलोमीटर धावायचंय.

हैदराबाद? हायटेक सिटी ते शमशाबाद विमानतळ तासभर, दीड तास आधी पोहोचणं, पंख्याच्या एटीआर विमानाने सव्वा तास, उजळाईवाडीत दहा मिनिटांत बाहेर, अर्ध्या तासात घर. साडेचार-पाच तास. नाद खुळा! हैदराबाद पुण्याइतकंच जवळ निघालं की!

थांबा, एवढ्यात सही करू नका.

'विमान तासाचं, पण ते परवा आहे'

वरचं सगळं गणित एका अटीवर चालतं: त्या दिवशी, त्या वेळेला विमान असलं पाहिजे. पुण्याला रात्री अकराला वाटलं तरी स्वारगेटला जाऊन कोल्हापूरची गाडी धरता येते. एक गेली तर दुसरी. छोट्या विमानतळाचं तसं नसतं. दिवसाला एखादं, काही मार्गांवर आठवड्यातून मोजके दिवस. सकाळी अकराचं विमान गेलं आणि फोन आला दुपारी बाराला, तर हैदराबादहून कोल्हापूर रस्त्याने रात्रभराच्या अंतरावर जाऊन पडतं. वेळापत्रक तर मोसमाबरोबर बदलतं. गेल्या दिवाळीला होतं ते विमान पुढच्या गणपतीला असेलच, याची हमी कुणी देत नाही.

कोल्हापूरने हे पुरेपूर भोगलंय. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस उजळाईवाडीला विमानतळ उभा केला. देशातली कितीतरी मोठी शहरं तेव्हा विमानाकडे मान वर करून बघत होती. पुढे सेवा सुरू व्हायची, बंद पडायची. २०११ च्या अखेरीस नियमित प्रवासी विमानसेवा थांबली ती थेट २०१८ मध्ये 'उडान' योजनेतून पुन्हा सुरू झाली. मधली सहा-सात वर्षं कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर तेवढंच, ३०९ किलोमीटर होतं. फक्त ते कापायला विमान नव्हतं.

'उडान'चा फंडा साधा होता. विमानातल्या ठरावीक जागांसाठी तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास भाड्याची मर्यादा, आणि कंपनीला होणाऱ्या तुटीसाठी सरकारी मदत. अशी मदत ठरावीक मुदतीसाठीच असते. ती संपल्यावर मार्ग प्रवाशांच्या जिवावर तगावा लागतो. त्यामुळे गावच्या विमानाचं तिकीट काढणारा प्रत्येक माणूस ते विमान टिकवायला हातभार लावत असतो.

दुसरी गोष्ट धावपट्टीची. कोल्हापूरची धावपट्टी बराच काळ १३७० मीटर होती. तेवढ्यावर एटीआरसारखी छोटी विमानंच सोयीची. ती १९३० मीटरपर्यंत वाढवली गेली, पुढचं उद्दिष्ट २३०० मीटरचं. रात्री विमान उतरवायची सोय झाली, मार्च २०२४ मध्ये दगडी कमानींचा देखणा नवा टर्मिनलही उघडला. धावपट्टी लांबली की मोठं विमान, मोठं विमान म्हणजे जास्त लांबचं शहर एका उडीत. विमानतळावरचे पाच-सहाशे मीटर डांबर वाढलं की दिल्ली काही तासांनी जवळ येते, ती अशी.

आणि पावसाळा? ढग खाली उतरले, दिसेनासं झालं, की विमान रद्द. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. पुण्यात बसलेल्या पोरांना अडीचशे किलोमीटरवरचं घर त्या दिवसांत अमेरिकेपेक्षा लांब होतं. फोन लागला तर लागला.

पट्टी टाका, दोरा घ्या

आता जरा लांब जाऊ. कोल्हापुरातल्या किती घरांत आज एक खोली रिकामी असते आणि दिवाणखान्यात टॅब टेकवायला एक स्टँड असतो, बघा. लंडन, फ्रँकफर्ट, टोरांटो, सॅन फ्रान्सिस्को.

मुंबई-लंडन हवाई अंतर ७२०० किलोमीटर. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार. शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाटतं, विमान अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक असं पश्चिमेला जात असणार. पट्टी ठेवा बाजूला, पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. मुंबईहून तो जवळपास सरळ उत्तरेला जातो! हिमालय, चीन, सायबेरिया करत उत्तर ध्रुवाच्या शेजारून अलास्काकडे उतरतो. गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर असं वाकडं दिसतं.

प्रत्यक्षात विमान त्या दोऱ्यावरून जातंच असं नाही. वारं, हवामान, आणीबाणीत उतरायला जवळ विमानतळ आहे का, कुठल्या देशाने आपलं आकाश बंद केलंय, हे सगळं बघून वाट ठरते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवावरून आलं. कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक होत्या. दोन शहरांतलं सरळ अंतर चौदा हजार किलोमीटर, विमान उडालं सोळा हजारांच्या आसपास, वेळ लागला सतरा तास. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना २०२५ मध्ये इंधनासाठी युरोपात थांबावं लागलं. शहरं होती तिथेच होती, प्रवास मात्र तासा-दोन तासांनी लांबला.

जाताना जास्त वेळ, येताना कमी, हे लंडनला जाऊन आलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. पुष्कळांना वाटतं, पृथ्वी खाली फिरते म्हणून. तसं काही नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमानही. खरी करामत 'जेट स्ट्रीम'ची. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, थंडीत त्याचा जोर आणखी वाढतो. युरोपातून येताना तो पाठीत ढकलतो, जाताना तोंडावर येतो. पंचगंगेत पोहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता बेरीज करू. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहणारी मुलगी कोल्हापूरला निघाली. घर ते विमानतळ एक तास. तिथे तीन-साडेतीन तास. थेट विमान मिळालं तर सोळा-सतरा तास, नाहीतर एक थांबा धरून बावीस-चोवीस. मुंबईत इमिग्रेशन आणि बॅग, दीड तास. आणि मग गाडीने कोल्हापूर, आठ तास. थेट मिळालं तर तीस तास, थांबा असेल तर छत्तीस-अडतीस.

मुंबई-कोल्हापूरचा टप्पा या सगळ्या अंतराच्या तीन टक्केसुद्धा नाही. वेळेत मात्र तो पाव हिस्सा खातो. सातासमुद्रापलीकडून मुंबईत उतरलेला माणूस लोणावळ्याच्या घाटात ट्रकमागे अडकून म्हणतो, 'अमेरिका आली जवळ, कोल्हापूरच लांब आहे.' खोटं नाही म्हणत.

आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. तिथे उतरलं तर कोल्हापूरकराला मुंबई ओलांडायची गरज नाही, गाडी थेट द्रुतगती मार्गाला लागते. तिकीट काढताना 'मुंबई' एवढंच बघू नका, कुठली मुंबई तेही बघा. २०२३ पासून सुरू झालेला गोव्याचा मोपा विमानतळही अंबोली घाटातून साडेतीन-चार तासांवर आहे, बेळगाव तर दोन तासांवर. शेवटचा टप्पा तोडायचे हे हुकमी मार्ग आहेत.

आधी पोहोचते ती बातमी

एवढा लांबचा प्रवास कोल्हापूरला नवा नाही. १८७० मध्ये कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे विमानतळ बांधणाऱ्या राजाराम महाराजांच्या आधीचे, युरोपला गेले. वय वर्षं वीस. आज त्या वयात पोरं कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतात. कोल्हापूरला रेल्वे नव्हती. आधी पुणे गाठायचं, मग मुंबई, मग बोट. सुएझ कालवा खुला होऊन वर्षही झालं नव्हतं. लंडनपर्यंत आठवडेच्या आठवडे लागायचे. महाराजांनी त्या प्रवासाची इंग्रजीत डायरी लिहिली, ती १८७२ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. छापलेली प्रत बघायला ते राहिले नव्हते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत, फ्लॉरेन्सला त्यांचं निधन झालं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. तिथे त्यांचं स्मारक आहे आणि जवळच्या पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

योगायोग असा, की त्याच १८७० च्या जूनमध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई लंडनला जोडली गेली. म्हणजे त्या वर्षापासून बातमी काही तासांत यायला लागली. माणसाला यायला मात्र आठवडे लागतच राहिले.

पुढे माणसाचा वेळही झपाट्याने घटला. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, तेव्हा आठवड्यांचा प्रवास एका दिवसाच्या आसपास आला. आज तो नऊ-दहा तासांवर आहे. पण बातमी त्याहून जोरात पळाली. आता आई आयसीयूत नेली जात असतानाच व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा दिसतो. बातमीला लागतो एक सेकंद आणि तुम्हाला छत्तीस तास. मधले पस्तीस तास एकोणसाठ मिनिटं काय करायचं, ते कुठलीच विमान कंपनी सांगत नाही.

छत्तीस तास म्हणजे अंत्यदर्शन बहुधा चुकतं, रक्षाविसर्जन मिळतं. हा हिशेब कुणी तोंडाने बोलत नाही. पण परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाने तो रात्री एकदा तरी मनात केलेला असतो. आणि इथे घरात वडील गेल्यावर 'पोरगं येईपर्यंत थांबायचं का?' हा प्रश्न गल्लीतल्या मोठ्यांना कुणाकडे तरी बघून विचारावाच लागतो.

म्हणून हा आकडा आधीच काढून ठेवा. घाबरायला नाही, तयारीला.

तुमचे 'घर-तास' काढा

१. दारापासून दारापर्यंत मोजा. विमानाचा वेळ घ्या आणि त्यात दोन्ही टोकांची टॅक्सी, रांगा, बॅग मिळवा. शहरं बदलली तरी हे चार-साडेचार तास चुकत नाहीत.

२. दोन आकडे काढा. एक ठरवून निघाल्यावरचा, दुसरा मंगळवारी रात्री अकराला अचानक निघाल्यावरचा. नोकरीचं शहर निवडताना दुसरा आकडा बघा. दिवसाला एकच विमान असलेलं शहर आणि रात्रभर बस असलेलं शहर यांत फरक आहे तो इथे.

३. विमान नसेल तर काय, ते आत्ताच ठरवा. बेळगाव, पुणे, गोवा, मुंबई, नवी मुंबई. पाचही ठिकाणांहून कोल्हापूरला यायची सोय एका कागदावर लिहून ठेवा. पावसाळ्यात हा कागद सोन्याचा.

४. परदेशातून येताना मुंबई-कोल्हापूर तिकीट वेगळं काढलं असेल आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. एकाच तिकिटात पूर्ण प्रवास बसला तर जबाबदारी त्यांची. नाहीतर मध्ये भरपूर वेळ ठेवा, दोन टर्मिनलमधलं अंतर विसरू नका.

५. पासपोर्टची मुदत आणि व्हिसा दर वर्षी एकदा तपासा. भारतात येता येईल, पण परत जाता येईल का, हा प्रश्न विमानतळावर पडता कामा नये. अमेरिकेत कामाच्या व्हिसावर असाल तर हे फारच महत्त्वाचं.

६. घड्याळाचं गणित घरच्यांना समजावून सांगा. आपली वेळ अर्ध्या तासाच्या फरकाने चालते, तिथली वर्षातून दोनदा बदलते. कॅलिफोर्नियातल्या घरून शनिवारी दुपारी बाराला निघून छत्तीस तास लागले, तर कोल्हापुरात सोमवार दुपारचे साडेबारा वाजलेले असतात आणि थंडीत दीड. 'शनिवारी निघाला आणि अजून कसा आला नाही?' म्हणून आजी जागी राहायला नको.

७. पहिल्या तासातला माणूस ठरवा. तुम्ही तीस तासांवर असाल, तर पाच मिनिटांवर कुणीतरी हवं. चुलतभाऊ, शाळेतला मित्र, शेजारच्या काकू. डॉक्टरांचा नंबर, विम्याचे कागद, घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्या. आणि दिवाळीला आलात की त्यांच्या घरी आवर्जून जा.

यातली सातवी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. धावपट्टी लांबवणं आपल्या हातात नाही, कुठल्या देशाने आकाश बंद करावं हेही नाही. शेजारच्या काकूंना किल्ली देणं मात्र आहे, आणि त्याला जेमतेम दोन मिनिटं लागतात. येत्या शनिवारी घरी गेलात की देऊन टाका. जाणार नसाल, तर आज रात्री फोनवर घरी एवढंच विचारा: 'आपली दुसरी किल्ली कुणाकडे असते?'